डोक्यावरची कॉइल: मेलबर्नहून बाबांना पत्र

मेलबर्न, जुलै

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "डोक्याला करंट देऊन घेतेस?" आणि फोन आईकडे दिलात. आई रडायला लागली, मागून दादा काहीतरी समजावत होता, आणि त्या गोंधळात, डिप्रेशनवर मी इथं जो टीएमएस नावाचा उपचार घेतेय, डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देण्याचा, त्याचं सांगणं राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसले. घरात ज्या वस्तूची सगळ्यांनी धास्ती घेतली आहे, ती तुम्ही इचलकरंजीच्या दुकानात चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं गुंडाळलीत. कॉइलच आहे ती, बाबा.

खुर्चीत मागं रेलून बसायचं. डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर आणि मागं, कॉइल टेकवतात. तांब्याचे दोन गोल वेढे शेजारी शेजारी, इंग्रजी आठच्या आकड्यात, वरून जाड प्लास्टिक. मशीनमधला कपॅसिटर चार्ज होतो आणि एका दमात कॉइलमध्ये रिकामा होतो. करंट हजारो अँपिअर, पण मिलिसेकंदाच्या आतच सगळा खेळ संपतो. त्यातून दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढला त्या मशीनच्या तोडीचं. तिथं ते सतत असतं, इथं येतं आणि जातं. आणि क्षेत्र असं झपाट्यानं बदललं की जवळच्या वाहकात करंट निर्माण होतो, हे फॅरडेनं १८३१ सालीच दाखवलंय. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे करंट सोडायची बाजू, ती कॉइल; सेकंडरी, म्हणजे करंट उमटायची बाजू, माझा मेंदू. मधल्या कवटीचा त्या क्षेत्राला अडथळा होत नाही. वायर किंवा इलेक्ट्रोड मला कुठंच लावत नाहीत.

आठचा आकडा कशासाठी, हे तुम्ही विचारणारच. दोन वेढ्यांत करंट उलटसुलट फिरतो, त्यामुळे मधल्या जोडावर दोन्हींची दिशा एक होते आणि जोर तिथंच एकवटतो. डॉक्टरांना हवा तेवढाच ठिपका सापडतो. एवढं करून पोच दोन-तीन सेंटिमीटरच, मेंदूच्या वरच्या थरापुरती. उदासीशी संबंध असलेला एक भाग बराच खोल आहे आणि डिप्रेशनमध्ये तो गरजेपेक्षा जास्त चालतो, असं संशोधक म्हणतात. तिथवर कॉइल पोचत नाही. पण वरच्या ज्या भागाला ठोके मिळतात त्याचं जाळं खालपर्यंत गेलेलं आहे. वरून रोज हलवत राहिलं की काही आठवड्यांत खालचं काम बदलतं, अशी समजूत आहे. नक्की कसं बदलतं यावर डॉक्टरांत अजून वाद आहेत आणि माझ्या डॉक्टर ते लपवत नाहीत. मला त्या आवडतात त्या याचसाठी.

करंट किती द्यायचा, हे माणसागणिक वेगळं असतं. पहिल्या दिवशी कॉइल हाताच्या हालचालीच्या जागेवर ठेवून एकेक ठोका देतात. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला की समजायचं, इथपर्यंत जोर लागतो. तो आपला मापदंड. उपचार त्याच्या १२० टक्क्यांवर करतात. माझा अंगठा उडाला तेव्हा मला हसू आलं. निखिल बाजूलाच होता. तो म्हणाला, किती दिवसांनी हसलीस.

आता तुमच्यासाठी हिशेब. सेकंदाला १० ठोके, असे ४ सेकंद, म्हणजे ४०. मग २६ सेकंद विश्रांती. असे ७५ फेरे, एकूण ३००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. ३ मिनिटांत ६०० ठोके देण्याची नवी पद्धतही आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी चारशेवर पेशंटवर दोन्हींची तुलना केली, तेव्हा तीही तेवढीच उपयोगी ठरली. मला मात्र जुनीच लांबडी मिळाली आहे. कॉइल एवढा वेळ तापत नाही का? तापते! म्हणून काही कंपन्या लोखंडी कोर घालतात, म्हणजे कमी करंटात भागतं, काही कोर न घालता कॉइल थंड ठेवायची सोय करतात. आवाजही मोठा येतो, टकटकटकटक असा, कानात बोळे घालूनच बसावं लागतं. डोक्याच्या कातडीवर कोणी बोटानं टोचतंय असं वाटतं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, पॅरासिटामॉलवर भागलं. आता दुखत नाही. आईला सांगा, कानातलं काढून ठेवते, हरवत नाही.

फिट येण्याची भीती डॉक्टरांनीही आधी सांगितली. ती फार क्वचित येते, आणि म्हणूनच सुरुवातीला एवढी चौकशी करतात: पूर्वी कधी फिट आली का, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानाचं इम्प्लांट आहे का, पेसमेकर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. समोर नर्स पूर्ण वेळ बसून असते.

आता खरी गोष्ट. तुमच्या मनात मशीन नव्हतंच, आत्या होती. मला ठाऊक आहे. आत्याला शॉक द्यायला नेलं तेव्हा तुम्ही कॉलेजात होता आणि बाहेरच्या बाकावर बसला होता, हे आजीनं मला सांगितलंय. तेव्हा भूल न देताच शॉक द्यायचे आणि धरायला चार माणसं लागायची. आज तसं करणं आपल्या देशात बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. शॉकमध्ये मुद्दाम फिट आणतात. माझ्या उपचारात फिट आणायची नसते, आणि ती येऊ नये म्हणूनच एवढी मोजमापं घेतात. मला भूल देत नाहीत. मी स्वतः ट्रामनं जाते, खुर्चीत बसते, परत येताना भाजी आणते. पण आत्याच्या बाबतीतही एक सांगते, रागावू नका. ती जेवायची बंद झाली होती ना? अशा अवस्थेत शॉकचा गुण आजही माझ्या कॉइलपेक्षा जास्त मानतात. त्या वेळची रीत क्रूर होती. उपचार खोटा होता असं मला वाटत नाही. आत्या नंतर वीस वर्षं जगली, आणि तिच्या हातच्या पुरणपोळ्या आपणच खाल्ल्या.

हे यंत्र काल-परवाचं नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर चालवून दाखवलं. मेंदूतून हातापर्यंत संदेश जातो का, हे तपासायला. डिप्रेशनसाठी वापर नव्वदच्या दशकात सुरू झाला आणि अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इथं ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२१ पासून मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, पहिल्या कोर्सच्या ३५ बैठकांपर्यंत पैसे देतं. अट अशी की दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं नीट घेऊनही गुण आलेला नसावा. माझी आधी सर्ट्रालिन झाली, मग व्हेनलाफॅक्सिन. दुसरीनं घाम फुटायचा आणि मन होतं तिथंच. त्यामुळे मी अटीत बसले. वरचा थोडा खर्च आम्ही भरतोय, जमतोय. एफडी मोडायची नाही. दादाला तसं बजावून सांगा, तो बँकेत जाऊनही आला असेल.

गुण येईल का? आकडे सांगते, कारण गोड बोललेलं तुम्हाला चालत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत एक कडक चाचणी झाली. निम्म्या लोकांना खोटी कॉइल लावली, आवाज आणि टोचणं तसंच. खऱ्या कॉइलवर १४ टक्के लोक पूर्ण बरे झाले, खोटीवर ५ टक्के. ऐकून माझा चेहरा पडला होता. पुढं प्रत्यक्ष दवाखान्यांतल्या तीनशेवर पेशंटची पाहणी झाली, तिच्यात पूर्ण बरे झालेले ३७ टक्के निघाले. पण तिथं खोटी कॉइल कुणालाच नव्हती, म्हणून मी तो आकडा जपूनच घेते. गोळ्यांनी ज्यांचं भागलं नाही असेच हे सगळे लोक, हे मात्र लक्षात घ्या.

माझं म्हणाल तर निम्मा कोर्स झाला आहे. झोप पहाटे तीनला तुटायची ती आता साडेपाचपर्यंत टिकते. मनात आनंदबिनंद काही नाही. पण परवा निखिलनं आमटीत मीठ कमी घातलं आणि मला त्याचा राग आला. गेल्या वर्षभरात आमटी खारट, अळणी, कशीही असली तरी मला फरक पडत नव्हता. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी परत घसरण होऊ शकते, तेव्हा पुन्हा काही बैठका देता येतात. ती वेळ आली की बघू.

शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलासाठी हे हवंय, असं आई म्हणाली. आपल्याकडेही आहे हे, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, त्या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत आहे, पुण्या-मुंबईत खासगीतही मिळतं. पण ती पहिली पायरी नाही. त्यानं आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं, गोळ्या, बोलणं, सगळं रीतसर. तेही जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि काकूंना माझ्याबद्दल काय सांगायचं म्हणून आई अडखळली असेल, तर तिला म्हणावं, जे आहे ते सांग. सर्दी-तापाचं नाव घेऊन मला घरी झोपवू नको.

फोन कराल तेव्हा "बरं वाटतं का" एवढं विचारू नका. उत्तर देता येत नाही आणि मग मी खोटं बोलते. काय जेवलीस विचारा, चिऊ शाळेत गेली का विचारा. मशीनबद्दल तर काहीही विचारा. कपॅसिटर किती मायक्रोफॅरॅडचा आहे, हे मी तुमच्या वतीनं नर्सला विचारलं. तिला माहीत नव्हतं, कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला की विचारून ठेवेन म्हणाली. आणखी काही हवं असेल तर रविवारच्या आत कळवा, म्हणजे सगळं एकदम विचारते.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना सांगा, पोरांना पापा.

तुमची,
मृणाल