रुमाल टाकून ऑपेरा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या आलिशान हॉटेलांवरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत, पण व्हिएन्नाबद्दल लिहिताना सगळी शाई सॅकर आणि इम्पीरियलच्या खोल्या, झुंबरं आणि एका रात्रीचं भाडं यातच संपली. म्हणजे आमच्यासारख्या पेन्शनरांनी पान उलटायचं की काय?

मी आणि सौ. गेल्या मे महिन्यात ग्रुप टूरने तिकडे जाऊन आलो. ऑपेरासमोर, म्हणजे तिथल्या संगीत नाटकाच्या थिएटरसमोर, बस थांबली, दहा मिनिटं फोटो, मग चला चला जेवायला, आणि जेवायला काय तर पनीर बटर मसाला! टूर संपल्यावर तिथे राहणाऱ्या पुतणीकडे दोन दिवस थांबलो म्हणून, नाहीतर व्हिएन्ना बघितलं असं नुसतं म्हणत बसलो असतो.

तिने ऑपेराची उभ्याची तिकिटं काढली. हो, उभं राहून बघायची तिकिटं असतात तिथे, त्याच दिवशी विकतात, आणि खालच्या मजल्यावरची जागा तर महागड्या खुर्च्यांच्या लगेच मागे, अगदी मधोमध. आत गेल्यावर पुतणी म्हणाली, काका स्कार्फ काढा. कठड्याला स्कार्फ बांधला की ती जागा तुमची, मग खुशाल बाहेर फिरून या, कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझी हयात गेली, मला काय शिकवायचं! स्कार्फ नव्हता म्हणून खिशातला चौकडीचा रुमाल बांधला, शेजारच्या आजीबाईंनी तो बघून मान डोलावली. समोर छोटा स्क्रीन असतो, त्यावर इंग्रजीत अर्थ येतो. दुसऱ्या अंकात सौ.चे गुडघे बोलायला लागले पण बाई जागची हलली नाही.

ऑपेराची ही इमारत 1869 ची. मार्च 1945 मध्ये बॉम्ब पडून प्रेक्षागृह जळून गेलं, दर्शनी भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. नंतर 1955 च्या ऑक्टोबरात, महायुद्धानंतर ऑस्ट्रियात ठाण मांडून बसलेल्या परक्या फौजा देशातून गेल्या आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत ऑपेरा परत सुरू झाला. असल्या गोष्टी छापा ना, बाथरूमचा संगमरवर काय बघायचा?

आणि सॅकर अगदीच परकं नाही हो, ऑपेराच्या पाठीमागेच आहे, राहायला नको, तिथला चॉकलेट केक खा. त्या केकवरून सॅकर हॉटेल आणि डेमेल नावाचं केक-मिठाईचं दुकान यांच्यात कितीतरी वर्षं कोर्टकचेरी चालली होती, खरा केक कोणाचा म्हणून! सॅकरवाले जर्दाळूचा जॅम मध्ये पण घालतात, डेमेलवाले फक्त वरच्या चॉकलेटखाली. मला विचाराल तर केक जरा सुकाच, बाजूच्या बिनसाखरेच्या क्रीमशिवाय घशाखाली उतरत नाही. तिथल्या जुन्या कॅफेत मात्र एका कॉफीवर दोन तास बसलो, चकचकीत ट्रेमध्ये कॉफीसोबत पाण्याचा ग्लास आला, पण बिल घेऊन कोणी डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही.

तर पुढच्या पुरवणीत उभ्याच्या तिकिटांची माहिती जरूर द्या, आणि टूरवाल्यांनी एक संध्याकाळ मोकळी सोडावी असंही जमलं तर सुचवा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. आणि हो, हाफ पँटमध्ये आत सोडत नाहीत हे ठळक अक्षरात छापा, आमच्या ग्रुपमधले निम्मे पुरुष दारातच अडकले असते.

आपला जुना वाचक,
ठाणे