कॅथेटर अडला तर जोर नको

महोदय,

मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकांना दर ४ ते ६ तासांनी स्वतः कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशयात जाणारी बारीक नळी, घालून लघवी काढावी लागते. जळजळ बऱ्याचदा जेली कमी पडल्याने होते. डॉक्टरांनी दिलेली २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) जेली मूत्रमार्गात सोडून किमान ५ मिनिटं थांबावं. घाईत नेमकं हेच राहून जातं. मूत्राशयाच्या तोंडाशी नळी अडली तर ढकलू नये. लांब श्वास सोडत हलका दाब ठेवावा, आवळलेला स्नायू सैल पडतो. तरीही जात नसेल किंवा रक्त येत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावं.

सिंहस्थासाठी नाशकात स्वच्छतागृहं बांधताना व्हीलचेअर शिरेल एवढं दार, हाताला येईल असा नळ, साबण आणि नळी ठेवायला कोरडी फळी एवढं तरी महापालिकेने द्यावंच.

– एक वाचक, नाशिक रोड