इम्बरची पांढरी: ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, लंडन
स. न. वि. वि.

मी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात वॉर्मिन्स्टर या शहराजवळ राहतो. शेजारच्या पॅरिश कौन्सिलच्या (आपली ग्रामपंचायतच म्हणा) नावात तीन गावे आहेत: हेट्सबरी, इम्बर आणि नूक. पहिल्या आणि तिसऱ्या गावात माणसे राहतात. इम्बरमध्ये १९४३ पासून कुणीही राहत नाही.

मराठीत गावाची जमीन दोन रंगांची असते. पिकते ती काळी, घरे असतात ती पांढरी. इम्बरची काळी तुमच्या खात्याने युद्धाआधीच जवळजवळ सगळी विकत घेतली होती. १ नोव्हेंबर १९४३ ला शाळेत गावकऱ्यांना बोलावून पांढरीही मागितली. अमेरिकी सैनिकांच्या सरावासाठी गाव सोडायचे, मुदत ४७ दिवस. सुमारे दीडशे माणसे निघाली. थोड्या महिन्यांत परतू, याच समजुतीने. गावचा लोहार ऐरणीशी रडत बसला होता, असे सांगतात. तो थोड्याच दिवसांत वारला आणि पुरायला इम्बरला आणला गेला. परतीची तेवढी एक वाट खुली होती.

युद्ध संपले, गाव मिळाले नाही. जानेवारी १९६१ मध्ये सुमारे दोन हजार लोक बंदी मोडून गावात शिरले. चौकशी बसली, निकाल लष्कराच्या बाजूने लागला. पुढे उत्तर आयर्लंडला पाठवायच्या सैनिकांच्या सरावासाठी तिथे नवी घरे उभी केलीत, ना दारे ना खिडक्या. असली घरे मी जन्मात पाहिली नव्हती.

मी गेलो ते ऑगस्टमध्ये. २००९ पासून वर्षातून एक दिवस वॉर्मिन्स्टरहून लंडनच्या जुन्या लाल दुमजली बस तिथे जातात. सेंट जाइल्सचे तेराव्या शतकातले चर्च नीट राखले आहे, त्याबद्दल ते सांभाळणाऱ्या ट्रस्टचे आभार. बाकी गावात पाऊल रस्त्याबाहेर टाकायचे नाही.

गाव परत द्या, असे मी म्हणत नाही. त्या मातीत न फुटलेले गोळे आहेत, हे कळते. पण मी पाहिलेल्या तुमच्या सगळ्या पाट्यांवर 'धोका' एवढेच होते. वेशीवर आणखी एक पाटी लावा, खात्याच्या नावाने: या गावचे लोक १९४३ च्या डिसेंबरात परत येण्याच्या भरवशावर गेले, आणि आम्ही त्यांना येऊ दिले नाही. पुढच्या ऑगस्टच्या बसआधी लागली तर बरे.

आपला,
पॅरिशचा एक शेजारी