नवव्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पीएच.डी.च्या दर्जाची चर्चा निघाली की ती प्रबंधांची संख्या आणि वाङ्मयचौर्य यांपुढे सहसा जात नाही. क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रातील संशोधनाबद्दल मला वेगळेच विचारायचे आहे. ज्या माणसाकडून प्रश्नावली भरून घेतली, त्याने काय लिहिले ते त्याच दिवशी कुणी वाचते का?

नैराश्य मोजण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली जगभर वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांत आपण मेलेलो बरे, किंवा स्वतःला इजा करून घ्यावी, असे विचार किती वेळा आले, हे नवव्या प्रश्नात विचारलेले असते. समजा, एखाद्याने तिथे ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली, उदासीलाही तीन गुण दिले आणि झोपेच्या तक्रारीला दोन. बेरीज झाली आठ. पुढील तपासणीसाठी सर्रास धरली जाणारी मर्यादा दहाची, त्यामुळे हा माणूस ‘सौम्य’ गटात जातो. संगणकात त्याची एक ओळ होते, मग त्या ओळीची सरासरी होते, आणि नववे उत्तर कुणाच्याच नजरेस पडत नाही.

एका मौखिक परीक्षेत मी उमेदवाराला विचारले होते की, नवव्या प्रश्नाला तीन गुण देणारे किती जण होते? त्याने लॅपटॉप उघडून आकडा लगेच सांगितला. त्यांचे पुढे काय झाले, असे विचारल्यावर तो गप्प झाला. ‘नावे घेतलीच नव्हती, गोपनीयतेचा प्रश्न होता,’ असे उत्तर मार्गदर्शकांनी दिले. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

गोपनीयता आणि जबाबदारी यांचे मुळीच वाकडे नाही. फॉर्मवर नावाऐवजी संकेतांक असावा, संकेतांक आणि संपर्काची यादी कुलपात राहावी आणि धोका दिसला तर ती उघडली जाईल, हे संमतिपत्रातच स्पष्ट लिहावे. फॉर्म समोर बसवून भरून घेतला असेल, तर तो माणूस खोलीबाहेर पडण्याआधी नववे उत्तर पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. ऑनलाइन फॉर्म असेल, तर तसे उत्तर येताच मदतीचा क्रमांक पडद्यावर यावा आणि संशोधकाला त्याच क्षणी सूचना जावी. हे शक्यच नसेल तर नववा प्रश्न वगळलेली ‘पीएचक्यू-८’ आहे, ती वापरावी. मात्र ‘विचारल्याने मनात नसलेला विचार येतो’ या भीतीपोटी प्रश्न गाळू नये. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो धोका वाढत नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते.

मुळात दुखणे आकड्याच्या हव्यासाचे आहे. संशोधनाचा आराखडा मांडताच समिती आधी विचारते, ‘सॅम्पल किती?’ मग विद्यार्थी शेकडो फॉर्म वाटत सुटतो, तेही बहुधा हाताशी असलेल्या कॉलेजच्या मुलांना. मदत मागायला आलेल्या माणसासमोर तो बसतच नाही. लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढे शुद्धलेखन न जमणारा एक मुलगा होता. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथील परिषदेने क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाने संशोधक आणि उपचारक दोन्ही असावे, अशी शिक्षणाची चौकटच घालून दिली. फॉर्म वाटून परतणाऱ्या विद्यार्थ्याला यातले धड काहीच मिळत नाही.

मोजक्या माणसांवरही काटेकोर संशोधन होते. आधी काही आठवडे नुसती नोंद ठेवायची, मग उपचार सुरू करायचे; दुसऱ्या व्यक्तीचे उपचार मुद्दाम उशिरा, तिसऱ्याचे त्याहून उशिरा. प्रत्येकात सुधारणा उपचारानंतरच दिसली, तर तो निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. ज्याला तातडीची गरज आहे त्याला अर्थातच ताटकळत ठेवायचे नाही. एखाद्या व्यक्तीच्या गुणांत झालेला फरक मोजमापाच्या चुकीपलीकडचा आहे का, हे तपासण्याची पद्धत जेकबसन आणि ट्रूअॅक्स यांनी १९९१ मध्येच दिली आहे. अशा प्रबंधाला ‘लहान’ म्हणून नाके मुरडणे थांबले पाहिजे. पाच माणसांना आठवडेच्या आठवडे भेटून, त्यांची दर आठवड्याची नोंद राखणारा विद्यार्थी जे शिकतो, ते फॉर्मच्या गठ्ठ्यातून हाती लागत नाही.

मोठे सर्वेक्षण निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. त्रास किती पसरला आहे हे त्यातूनच कळते. पण दुःखाबद्दल विचारायचे असेल, तर उत्तर ऐकणारे कुणीतरी जागेवर हवे, आणि ते एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारूनही चालणार नाही. धोक्याचे उत्तर आले तर फोन कुणाला करायचा, त्या प्रशिक्षित व्यक्तीचे नाव नैतिकता समितीने मंजुरीपूर्वीच लिहून घ्यावे.

प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्नावलीची प्रत जोडतात. तिच्याच मागे आणखी एक पान सक्तीचे करावे: धोक्याची उत्तरे किती आली, किती तासांत संपर्क झाला, कुणाकडे पाठवले, कुणाशी संपर्क होऊ शकला नाही. बहिःस्थ परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या पानावर विचारावा, आणि ते पान कोरे असेल तर प्रबंध परत पाठवावा.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका