त्या तिघींचे आभार

काल प्रवासात लेकीचा डायपर पार पाठीपर्यंत भरला आणि बदलायला जागा म्हणजे एक कळकट बाक. एका मावशींनी न विचारताच शाल आडोशाला धरली. दुसऱ्या ताईंनी प्लास्टिकची शीट अंथरली, "एक हात बाळावरच ठेव" म्हणाल्या. मी घाईत मागून पुढे पुसत होते! पुढून मागे पुसायचं, नाहीतर शीचे जंतू लघवीच्या जागी जातात, हेही त्यांनीच सांगितलं. डायपर गुंडाळून, त्याच्याच पट्ट्यांनी चिकटवून पिशवीत गाठ मारली. सॅनिटायझर काढलं तर तिसरीने साबण नि पाण्याची बाटली पुढे केली: हात बरबटलेले असताना सॅनिटायझर पुरत नाही, 20 सेकंद चोळून धू. नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार. आणि ताई, तुमची शीट माझ्याकडेच राहिली हो!