क्वार्ट्झचा ओटा करण्यापूर्वी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ओट्यासाठी क्वार्ट्झ घ्यावा का, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर जरूर घ्यावा. मात्र शेगडीखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तो बसवू नये, आणि तो कुठे व कसा कापला जाणार हे ठरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

क्वार्ट्झचा म्हणून दाखवला जाणारा स्लॅब खाणीतून अखंड निघालेला नसतो. क्वार्ट्झ खनिजाचा चुरा, बहुधा वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला धरून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन व रंग यांचे मिश्रण हवा काढून, कंप देत दाबले जाते व नंतर उष्णतेने घट्ट केले जाते. त्याचे गुण आणि दोष दोन्ही या घडणीतून आलेले आहेत. रेझिनने सगळ्या फटी भरलेल्या असल्यामुळे तेल किंवा चहा आत मुरत नाही, आणि ग्रॅनाइटला अधूनमधून द्यावा लागतो तसा सीलरचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या द्रवाचा, हात द्यावा लागत नाही. लिंबाच्या रसाने संगमरवराची चकाकी जाते, क्वार्ट्झची जात नाही. काठिण्याच्या मोह्स मापावर संगमरवर ३ च्या जवळपास, तर क्वार्ट्झ ७ वर आहे. सुरीचे पोलाद त्याहून मऊ असल्याने ओट्यावरच चिरलेस तर ओट्याआधी सुरीच बोथट होईल.

दोष मुख्यतः उष्णतेचा. खनिज स्वतः स्वयंपाकघरातला ताप सहज सोसते, पण रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागते, आणि शेगडीवरून उतरवलेली कढई त्याहून सहज अधिक तापलेली असते. असा डाग घासून निघत नाही, कारण तो वरून लागलेला नसून आतले रेझिनच करपलेले असते. एकाच जागी एकदम ताप बसला तर तडाही जातो. ‘खाली काहीतरी ठेवा’ हा सल्ला दुकानदार देतात, परंतु घाईच्या वेळी तो कोण पाळतो? म्हणूनच शेगडीचा भाग ग्रॅनाइटचा करावा, असे मी म्हणतो. सतत ऊन येणाऱ्या खिडकीपाशीही क्वार्ट्झचा रंग कालांतराने बदलू शकतो. सफाईला साबणाचे पाणी पुरते. तुंबलेली मोरी मोकळी करणारी तीव्र रसायने मात्र त्यावर सांडू देऊ नकोस.

आता कापण्याविषयी, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा दगड कोरडा कापला की स्फटिकी सिलिकाची (क्वार्ट्झ हे खनिज म्हणजे सिलिकाच) अतिसूक्ष्म धूळ उडते, आणि ती श्वासावाटे जाऊन कारागिरांना सिलिकोसिस होतो. फुप्फुसांच्या या आजारावर तो पूर्ण बरा करणारा उपाय नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नाही, पण तो बसवणाऱ्याला असू शकतो. त्यामुळे सिंकचे, शेगडीचे आणि नळाचे सर्व छेद कारखान्यात, पाणी सोडून आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेसह घेतले जातील, घरात कटर चालणार नाही, ही अट आधीच लिहून घे. थोडे महाग पडेल, पडू दे.

पांढऱ्यावर करड्या रेषा असलेला स्लॅब आवडला तर त्याची कापलेली कड पाहायला माग. काही स्लॅबमध्ये त्या रेषा फक्त वरच्या पृष्ठभागावर असतात आणि ओट्याच्या कडा कोऱ्या दिसतात. सिंकच्या छेदाचे कोपरे किंचित गोलसर ठेवायला सांग, कारण छेदाजवळचे तडे बहुधा काटकोनातून सुरू होतात. वीस मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरतो, तेव्हा खालची कपाटे पक्की आणि एका पातळीत बसल्यावरच मापे घ्यायला बोलाव, आणि त्याआधी सिंक व शेगडी विकत घेऊन ठेव, म्हणजे छेदांची मापे प्रत्यक्ष वस्तूवरून घेता येतील.

तुझा,
अनंत