‘नंतर सांगते’ कधीच न म्हणणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, पण हे पत्र तुझंच आहे हे वाचताच तुला कळेल.

माझी लेक आठवीत तुमच्या वर्गात आली. तिच्या दोन्ही कानांत 70 डेसिबलच्या वर श्रवणदोष. मशीन लावलं की सगळं ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. पण मशीन बाईंच्या आवाजासोबत पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही मोठी करतं. मग उरतात ओठ, आणि ओठांवर ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ एकसारखेच दिसतात. बाई फळ्याकडे वळून बोलू लागल्या की तेही गेलं. ते वाक्य तू वहीच्या कडेला पेन्सिलने उतरवून द्यायचीस.

तरी खरे आभार त्याचे नाहीत. अभ्यासाला मदत करणाऱ्या आणखीही मुली होत्या. चारचौघांत हशा पिकला की ही विचारते, “काय झालं?” आणि उत्तर ठरलेलं: “काही नाही गं, नंतर सांगते.” ते नंतर कधीच येत नाही. तू तिथल्या तिथे, तिच्याकडे तोंड करून सांगायचीस, विनोद कितीही फालतू असला तरी. कोणाची कोणाशी कट्टी, कोणाला ओरडा बसला, सगळं! डबा खाताना घास तोंडात ठेवून बोलायचं नाही आणि बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे कोणाकडे बघायचं ते हिला कळेल, हे नियम तुमच्या घोळक्याला तूच लावलेस.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्याने शाळेत भेदभावाशिवाय प्रवेश दिला, खेळात बरोबरीची संधी दिली. त्यासाठी झगडलेल्या माणसांची मी ऋणी आहे. पण मधल्या सुट्टीत सरकून जागा करून देणं कुठल्याही परिपत्रकाने होत नाही.

नववीत तुमचं कडाक्याचं भांडण झालं, अबोला धरलात. ही रडत होती आणि मला मात्र बरं वाटत होतं. ज्याची दया येते, त्या माणसाशी कोणी असं भांडत नाही.

आता कॉलेजं वेगळी झाली. परवा ही नव्या वर्गातल्या मुलीला सरळ म्हणाली, “माझ्याकडे बघून बोल, आणि जरा सावकाश.” पूर्वी ती नुसती मान डोलवायची. हा धीर तुमच्या घोळक्यात आला, बाळा. त्याबद्दल मनापासून आभार.

आईबाबांना नमस्कार सांग. दिवाळीला घरी ये.

तुझी,
काकू